खरवडीतली फोड

भावाच्या हॉटेलात एका नव्या पदार्थाची पाटी लागली आणि तिचा फोटो त्यानं मला मोबाईलवर पाठवला. वर आमच्या वडिलांचा फेटा बांधलेला फोटो, खाली ठळक अक्षरांत 'आबांची खरवड' आणि त्याखाली 'आमच्या घराण्याची खासियत'. मी ऑफिसात होते. समोरचा चहा तसाच गार झाला. आमचे आबा उभ्या आयुष्यात चुलीपाशी गेले ते फक्त विडी पेटवायला. खरवड हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला असेल, यावर माझा विश्वास नाही. त्यांना ती माहीतच नव्हती. ती शिजायची तेव्हा ते जेवून, हात धुऊन ओसरीवर आडवे झालेले असायचे.

ज्यांना खरवड माहीत नाही त्यांना आधी सांगते. आमचं गाव शेंद्र्याच्या अंगाला. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, ज्वारी आणि कापूस होता. घरात मटण शिजायचं ते आखाडात, धुळवडीला, नाहीतर पाहुणे आले की. पहिल्या पंगतीला पाहुणे, आबा आणि चुलते. मग गडी. मग घरातले मोठे मुलगे. माय दरवेळी मोठ्या भगुन्यात डाव घालून फोडी खालून वर काढायची आणि दर पंगतीला तो डाव आणखी खोल जायचा. बायकांची पाळी यायची तेव्हा उन्हं कलायला लागलेली असायची. भगुन्यात तळाला धरलेला मसाला, कडेला वाळलेली तर्री आणि एखादं मोकळं हाडूक, एवढंच राहिलेलं असायचं.

त्यात माय तांब्याभर पाणी ओतायची. उलथण्यानं बूड खरवडून काढायची, तो खर्र खर्र आवाज अंगणापर्यंत यायचा आणि आम्ही हातातलं टाकून पळत यायचो. मीठ, ठेचलेला लसूण, आणि पाण्याला उकळी फुटली की वरून ज्वारीचं पीठ भुरभुरत टाकून हाटायचं. मग झाकण ठेवून विस्तवावर जरा दम द्यायचा. काळपट तांबडी, दाटसर, तळाला किंचित लागलेली अशी ती खरवड आम्ही भगुन्याभोवती बसून भाकरीशी खायचो. माय, चुलत्या, मी. आणि लहान होता तोवर भाऊ.

एका धुळवडीला चुलत्यानं त्याला ओसरीवरून हाक मारली, मोठा झालास, आता माणसांत बस म्हणून. तो ताट उचलून पळाला. त्या दिवशी त्याची खरवड सुटली ती सुटलीच. माझी सासरी जाईपर्यंत सुटली नाही. खोटं कशाला बोलू, मला ती मनापासून आवडायची. जीव टाकायचे मी तिच्यावर. ओसरीवर फोडी आहेत आणि आपल्याला नाहीत याचं वाईट वाटावं एवढी अक्कलच नव्हती. उलट मला वाटायचं, बिचाऱ्या पुरुषांना खरवड मिळत नाही.

लग्न होऊन शहरात आले, नोकरी लागली, सिडकोत घर झालं. रविवारचं मटण नेमाचं झालं. मग मला खरवडीची हौस आली. किती वेळा करून पाहिली, पण ती काही जमली नाही. कुकरच्या तळाला काही धरत नाही आणि नव्या कढईला तर काही चिकटूच नये म्हणून दुकानदार पैसे घेतो. एकदा मुद्दाम रस्सा करपवला, तर नुसतंच कडू लागलं. नवरा शांतपणे जेवला आणि म्हणाला, पिठलं बरं झालंय, फक्त त्याला मटणाचा वास कशानं येतोय. मी गॅसला दोष दिला, मिक्सरला दिला, हायब्रीड ज्वारीला दिला. मायला फोन करून विचारलं की ती वैतागायची. काय ते खरवडीचं घेऊन बसतेस, फोडी खायचे दिवस आलेत तर फोडी खा की, म्हणायची.

तर त्या खरवडीला आता आबांचं नाव लागलं होतं.

आमची जमीन कारखान्यांसाठी गेली. आलेल्या पैशातून भावानं जालना रोडला हॉटेल टाकलं. मी हक्कसोडीवर सही केली, मला साडी-चोळी मिळाली, त्यावर इथं जास्त बोलत नाही. हॉटेल चांगलं चालतं. भाऊ गल्ल्यावर, भावजय सकाळपासून मागं स्वयंपाकघरात, भाकरी थापायला गावातल्या बाया. माय त्यांच्यापाशीच असते, पण घरी. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळं हॉटेलात तिचं येणं नाही. तिच्यासाठी डबा घरी जातो आणि त्यात फोडी असतात, हे ती मला फोनवर आवर्जून सांगते. सुनेचंही सांगते. सून राणीसारखी राहते, आमच्यासारखं तिला काही काढावं लागत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यात थोडा हेवा असायचा, पण समाधान जास्त असायचं.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, ही आबांची कधीपासून झाली? तो हसायला लागला. अक्का, पाटीवर बाईचा फोटो लावला तर लोकांना मेस वाटते, आबांचा फेटा बघून गाडी थांबते, म्हणाला. लोकांना जेवणामागं काहीतरी स्टोरी लागते. शहराचं नाव बदललं तेव्हा त्यानं नवी पाटी करून घेतली होती, तेव्हाच म्हणे त्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडंही काहीतरी घराण्याचं पाहिजे. मी म्हटलं, ते जाऊ दे, फोटोत तर खरवडीवर फोडी दिसतायत. खरवडीत फोडी कुठून आल्या?

"होत्या अक्का," तो म्हणाला. "मला पक्कं आठवतंय. मी खाल्ल्यात."

तू तेव्हा एवढासा होतास, तुला काय आठवणार, असं मी म्हटलं. तो हटेना. मीही हटेना. शेवटी मी म्हटलं, मी रविवारी मायला घेऊन येते, तीच सांगेल तुला तिच्या तोंडानं. माझा त्याच्या धंद्यावर राग नव्हता. एवढंच हवं होतं, की मायनं एकदा त्याच्यासमोर म्हणावं, ती माझी होती आणि तिच्यात फोडी नव्हत्या, कारण त्या तुमच्या पोटात गेल्या होत्या. आबांच्या हयातीत ती हे बोलली नाही. आता ती थकलीय. आता नाही बोलली तर पाटीवर लिहिलंय तेच खरं होऊन बसेल, अशी मला धास्ती वाटत होती.

आखाडातला रविवार, त्यामुळं हॉटेलाबाहेर गाड्यांना जागा नव्हती. गर्दी ओसरल्यावर या, असं भावानं सांगितलं होतं, तरी आम्हाला थांबावं लागलं. मग त्यानं स्वतः मायचा हात धरून तिला एसीच्या खोलीत नेलं. मायला गार हवा सोसत नाही, तिनं पदर कानावरून ओढून घेतला. भाऊ आमच्यासोबत बसला. वेटरनं ताटं मांडली आणि प्रत्येकापुढं एक तांब्याची चिमुकली हंडी ठेवली. आत खरवड. वर कोथिंबीर, बाजूला लिंबू आणि मधोमध रचून ठेवलेल्या फोडी. चव वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. आचाऱ्याचा हात चांगला आहे. पण ते मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं पीठ होतं, दुसरं काही नव्हतं.

मायनं काय केलं, तर हंडी ताटात उपडी केली आणि बोटानं एक एक फोड निवडून ताटाच्या कडेला लावली. सगळ्या निघाल्यावर तिनं त्या उचलल्या आणि भावाच्या ताटात ठेवल्या. त्याच्याकडं न बघता. तोही तिच्याकडं न बघता त्या खायला लागला, मला नव्या पार्किंगचं सांगत सांगत. दोघांच्या हातांना ही सवय इतकी जुनी होती की कुणी काही केलंय असं कुणालाच वाटलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी म्हटलं, माय, सांग बरं ह्याला. खरवडीत कधी फोडी होत्या का?

मायचा घास हातातच राहिला.

"ह्याच्यात असायची," ती म्हणाली. "एखादी. पहिली पंगत बसायच्या आधीच काढून वाटीखाली झाकून ठिवायचे. मग ह्याच्या ताटात खरवडीच्या खाली घालायचे. कुणाला दिसू नाय म्हणून."

भावानं टेबलावर थाप मारली. बघ अक्का, बघ, म्हणाला. त्याला भलताच आनंद झाला. मला मात्र तो आनंद लागला नाही, मला दुसरंच काहीतरी लागलं. आम्ही एकाच भगुन्याभोवती बसायचो. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला असायचा. ज्याला मी आम्हा बायकांचं जेवण समजत होते, ज्यात सगळ्यांचं सारखं होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, त्यातही तळाला पंगत होतीच.

"आन् माझ्यात?" मी विचारलं. घरची बोली माझ्या तोंडात एरवी येत नाही, तेव्हा आली.

"तू कधी मागितली नाय," माय म्हणाली.

मागितली नाही हे खरंच आहे. तिथं फोड आहे हेच मला माहीत नव्हतं. मी हात धुऊन येते असं सांगून उठले. बेसिनपाशी उभं राहून नळ सोडला आणि नुसती पाण्याकडं बघत राहिले. मायचा राग येत होता आणि त्या रागाचीच लाज वाटत होती, कारण ती फोड तिनं स्वतःच्या तोंडात घातली नव्हती. ती तिच्याही ताटात नव्हतीच की. पण हे कळून राग गेला नाही. तो तसाच राहिला, आजही आहे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्र खर्र.

मी दार ढकललं. आत दुपारचं आवरलं होतं. आचारी बाहेर हवेवर गेला होता. जमिनीवर पोतं अंथरून भावजय आणि भाकरी थापणाऱ्या बाया मटणाच्या भल्यामोठ्या भगुन्याभोवती बसल्या होत्या. भावजय उलथण्यानं बूड खरवडत होती. मला बघून ती गडबडीनं उठायला लागली, हातातलं ताट मागं सरकवलं. म्हणाली, तुम्ही कामून आत आलात अक्का, मी आणून देत होते ना. मी म्हटलं, काय आहे त्यात? ती ओशाळून हसली आणि म्हणाली, काय नाय, खरवड.

मी पोत्यावर बसले. माझी ऑफिसात नेसायची साडी बघून बायांनी सरकून जागा दिली. भावजयीनं वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि मला कळलं की हीच. काळपट, तळाला लागलेली, लसणाची, आणि त्या सगळ्याच्या खाली मटणाचा नुसता भास. कुकर, गॅस, ज्वारी, कशाचाच दोष नव्हता. ही चव यायला आधी सगळी माणसं त्या भगुन्यातून जेवून जावी लागतात आणि ज्यांनी ती जेवू घातली त्यांना शेवटी बसावं लागतं. माझ्या सिडकोतल्या घरात नवरा आणि मी दोघं एका वेळी बसतो. तिथं ही कशी होणार? मी ताट पुसून खाल्लं. डोळे भरून आले आणि तरी मी आणखी मागितली. इतकी वर्षं हुडकत होते ती चव सापडल्याचा आनंद झाला, आणि ती कुठं सापडली ते बघून तो नीट घेता आला नाही.

भावजयीला विचारलं, तू मालकीण, तू फोडी का नाही घेत? ती म्हणाली, रोज घेते की, घरच्या डब्यात असतात. पण रविवारी गिऱ्हाईक लई असतं, फोडी आधी त्यांच्या. उरल्या तर घेते, नाहीतर हे काय वाईट आहे. लग्न झाल्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे मायनंच, शिकवली होती, बाहेरच्या हंडीतली काही तिला आवडत नाही, असंही म्हणाली. हे ती हसत हसत म्हणाली. बायाही हसल्या.

बदल झाला नाही असं मी कशी म्हणू? ज्वारीच्या रानात कारखाने झाले, ओसरीची एसीची खोली झाली, भगुन्याची हंडी झाली. आमच्या घरच्या बाईच्या नावावर धंद्याचा परवाना आहे, कारण बाईच्या नावानं कर्ज सवलतीत मिळतं. सगळं बदललं. कोण कुणाच्या नंतर जेवतं, तेवढं कुणाच्या हाताला लागलं नाही.

मी खात होते आणि दारात माय उभी होती. भिंतीला धरून, एक पाय उचललेला. मला शोधत आली असावी. तिनं आधी मला बघितलं, मग भगुनं बघितलं, मग सुनेच्या ताटाकडं बघितलं.

"तू बी?" ती सुनेला म्हणाली.

भावजयीनं मान खाली घातली. रोज नाही आत्याबाई, रविवारचीच, असं काहीतरी पुटपुटली. मायचा चेहरा असा उतरला की मी हातातला घास खाली ठेवला. सून राणीसारखी राहते हे तिनं मला फोनवर किती वेळा सांगितलं होतं. तिच्या आयुष्यात तिच्या हातानं बदललेली तेवढी एकच गोष्ट आहे असं ती समजत होती. मी उठून तिला धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि एकटीच लंगडत बाहेर गेली.

बाहेर भाऊ पाटीखाली मोबाईल घेऊन तयार होता. निघायच्या आधी मायचा छोटा व्हिडिओ करायचा, हॉटेलच्या नावानं टाकायचा, असं त्याचं आधीपासून ठरलेलं होतं. त्यानं तिला आबांच्या फोटोखाली उभं केलं. जास्त बोलू नको, फक्त म्हण की ही आमच्या आबांची खरवड, एवढंच सांगितलं. मायनं पदर नीट केला. मोबाईलकडं बघितलं.

"व्हय, त्यांचीच," ती म्हणाली. मग थांबली. भावानं मान हलवून छान छान असं केलं. पण तिचं झालं नव्हतं.

"ते आन् सगळे गडीमाणसं जेवून उठले की भगुन्यात काय बी ऱ्हायचं नाय. त्याच्यात पाणी वतून मी पीठ हाटायचे. आमी बाया ते खायचो. माझी लेक तेच खाऊन मोठी झाली. आता माझी सून मागं बसून तेच खाती."

आवाज चढला नाही, थरथरला नाही. भाजी घेताना भाव विचारावा तशी बोलली. भावाचा हात वरच होता आणि चेहऱ्यावर हसूही तसंच होतं, फक्त त्याला आता काही अर्थ राहिला नव्हता. गल्ल्यापाशी बिल द्यायला आलेलं एक कुटुंब थांबून ऐकत होतं.

"झालं का?" मायनं विचारलं.

झालं, मस्त झालं, असं म्हणून त्यानं मोबाईल खिशात टाकला.

मी मायला गाडीत बसवलं. तिला घरी सोडलं, पायांना तेल लावून दिलं. माझ्यात नसलेल्या फोडीचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. पण घरी परतताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. ती बोलली होती. त्याच्यासमोर, पाटीखाली, चार लोकांत बोलली होती. नवऱ्याला मी ते सगळं दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या स्टेटसला व्हिडिओ आला. आबांचा फोटो. मग माय, पदर नीट करताना. "व्हय, त्यांचीच." पुढचं सगळं कापून लगेच बासरी, तांब्याची हंडी, फोडींवर लिंबू पिळणारा हात. नातेवाइकांनी खाली हात जोडले होते, हृदयं टाकली होती. एका चुलतभावानं लिहिलं होतं, आबा अमर आहेत.

मी मायला फोन लावला. तिनं बघितला होता. सुनेनं दाखवला म्हणे, स्वयंपाकघरात जायच्या आधी. मी रागानं काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी दमल्यावर विचारलं, तुला काहीच वाटलं नाही का? तू काही म्हणालीस की नाही त्याला?

"म्हणले की," माय म्हणाली. "म्हणलं, ऱ्हायलेलं तुझ्या अक्काला धाड. तिला लई आवडतं."

त्यानं ते अजून धाडलेलं नाही.